नळावर माती किती?

समुद्रतळावरून जाणाऱ्या तेलाच्या आणि वायूच्या नळांना जहाजांचा धोका कोठे अधिक? खोल पाण्यात, असे कदाचित तुम्ही म्हणाल. पण तेथे जहाजाचा तळ नळापर्यंत पोहोचतच नाही. खरी काळजी असते ती उथळ पाण्याची. आणि किनाऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक नळाला हा पट्टा ओलांडावाच लागतो.

३ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, सबाइन पासच्या किनाऱ्याजवळ, ‘नॉर्थम्बरलँड’ हे मासेमारी जहाज वायूच्या नळावर आदळले. नळ फुटला, वायूने पेट घेतला आणि जहाजावरील १४ जणांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. हा नळ घालताना तळाखाली पुरलेला होता. अपघाताच्या वेळी मात्र तो उघडा पडला होता.

पुरलेला नळ उघडा कसा पडतो? लाटेची हालचाल खोलीबरोबर कमी होत जाते. उथळ पाण्यात मात्र ती तळापर्यंत पोहोचते आणि तेथील वाळू व चिखल वाहून नेते. शिवाय वायूने भरलेला नळ हलका असतो. वादळात तळाचा चिखल पातळ झाला, की आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार नळ वर उचलला जाऊ शकतो. म्हणूनच त्यावर काँक्रीटचे जड वेष्टण चढवतात.

या अपघातानंतर १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला. मेक्सिकोच्या आखातात १५ फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार मीटरपेक्षा, कमी खोल पाण्यातील नळांची तपासणी सक्तीची झाली. तेथील नियमांनुसार नळावर ३० सेंटिमीटरपेक्षा कमी माती उरली असेल, तर सात दिवसांत तेथे खुणा लावाव्या लागतात आणि नंतर तो साधारणपणे ९० सेंटिमीटर खोल पुन्हा पुरावा लागतो.

पण गढूळ पाण्याखालची माती मोजायची कशी? येथे प्रतिध्वनी कामी येतो. कमी कंप्रतेचा (कंप्रता म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या) ध्वनी चिखलात शिरू शकतो. त्याचा एक प्रतिध्वनी तळावरून येतो आणि दुसरा नळावरून. मऊ चिखलातही ध्वनीचा वेग पाण्यातल्याइतकाच, सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, धरा. माती ९० सेंटिमीटर असेल, तर ध्वनीला जाऊन येऊन १.८ मीटर अंतर जादा कापावे लागते. दोन प्रतिध्वनींत ०.००१२ सेकंदाचे अंतर पडते. माती ३० सेंटिमीटर असेल, तर ते ०.०००४ सेकंद होते. सुरक्षितता आणि धोका यांच्यामध्ये सेकंदाचा हजारावा भागही नसतो!

याखेरीज चुंबकत्वमापक पोलादी नळाचा माग काढतो, तर पाणबुडे प्रत्यक्ष चाचपून खात्री करतात. नळाच्या आतून सरकणारे यंत्र चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने गंजून पातळ झालेली जागा शोधते.

आपल्या मुंबई हायचे तेल आणि वायूही समुद्राखालच्या नळांतून उरणच्या किनाऱ्यावर येतात. नकाशावर अशा नळाची रेघ कायमची आखलेली दिसते. तिच्यावरची माती मात्र कायमची नसते. म्हणून ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते.