काठी कोणत्या हातात?

खुब्याचे ऑपरेशन झालेले एखादे आजोबा किंवा आजी तुमच्या शेजारी असतील, तर ते चालताना नीट पाहा. दुखरा पाय डावा असेल तर काठी कोणत्या हातात असते? बहुतेकांना वाटेल, डाव्याच. जिथे दुखते तिथेच आधार नको का? आमच्या आईच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला आणि काही आठवड्यांनी वॉकर सुटून काठी आली, तेव्हा मीही ती तिच्या डाव्याच हातात दिली. वीस वर्षे वर्गात तरफ शिकवणारा मी! व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काठी काढून तिच्या उजव्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सर, गणित करून पाहा."

ते गणित असे. चालताना उजवा पाय उचलला की सारे शरीर डाव्या खुब्यावर तोललेले असते. माणसाचे वजन ६० किलो धरू. टेकलेला पाय साधारण १० किलोचा; म्हणजे सांध्यावर ५० किलो राहिले. पण हे वजन सांध्याच्या बरोबर वर नसते, आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवर असते. त्यामुळे कंबर उजवीकडे कलू पाहते. ती कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू तिला खाली ओढून धरतात. मात्र त्यांची भुजा जेमतेम ५ सेंटिमीटर. ही पहिल्या प्रकारची तरफ झाली, सांधा हा तिचा टेकू. बल गुणिले भुजा म्हणजे परिबल. ५० गुणिले १० बरोबर ५००. म्हणून स्नायूला १०० किलोइतके बल लावावे लागते. टेकूवर दोन्हींची बेरीज येते, म्हणजे १५० किलो. शरीराच्या वजनाच्या अडीचपट!

आता काठी उजव्या हातात द्या आणि तिच्यावर फक्त ५ किलो भार टाका. (५ किलो म्हणजे किती, हे घरच्या वजनकाट्यावर काठी दाबून पाहा.) जमीन काठीला तितक्याच बलाने वर रेटते, आणि हा रेटा सांध्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर असतो. त्याचे परिबल २००. स्नायूला आता ३०० एवढेच पेलायचे, म्हणजे ६० किलो. सांध्यावरचा भार ५० वजा ५ अधिक ६०, म्हणजे १०५. हाताने ५ किलो दिले आणि सांध्याचे ४५ किलो वाचले. डाव्या हातातल्या काठीचा रेटा मात्र सांध्याच्या बाहेरच्या बाजूला पडतो. तो स्नायूचे काम वाढवतो, आणि ते टाळण्यासाठी माणूस काठीवर झुकत चालतो.

खऱ्या शरीरात स्नायू अनेक असतात आणि त्यांची ओढ तिरकी असते, म्हणून प्रत्यक्ष घट आपल्या हिशेबापेक्षा कमी भरते. पण अडीचपटीचा आकडा काल्पनिक नाही. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवून भार मोजला; सावकाश चालताना तो वजनाच्या सुमारे दोन ते अडीचपट आला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदीत एक रुग्ण नुसता अडखळला, तेव्हा भार सातपटीच्याही वर गेला होता. तो पडला नव्हता, फक्त अडखळला होता!

म्हणून रुग्ण घरी येण्याआधी घर तयार करायचे. आपल्या भागात नळाला रोज पाणी येईलच असे नाही. घराघरांत बोळीत घागरी आणि पिंपे ओळीने मांडलेली असतात. वॉकरला सुमारे ६० सेंटिमीटर जागा लागते, वर हात हलायला थोडी. आम्ही टेपने मोजले तर बोळीत ५५ सेंटिमीटरच मोकळे होते! पिंपे अंगणात गेली. पायाखाली सरकणारी सतरंजी आणि दारातले पोते उचलले. नहाणीतली शहाबादी फरशी झिजून गुळगुळीत झालेली. त्यावर साबणाचे पाणी आले की पाऊल आणि दगड यांच्यामध्ये पातळ थर बसतो आणि घर्षण फार घटते. तिथे रबरी जाळी अंथरली, भिंतीत पक्का दांडा बसवला. टॉवेलचा दांडा हा आधार नव्हे. काठीच्या बुडाचे रबर झिजले की तेही बदलायचे.

सर्वांत वाद झाला तो बसण्यावरून. आईला लहानपणापासून पाटाची सवय. पण खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडू देऊ नका, असे तिच्या डॉक्टरांनी बजावले होते. (ऑपरेशनच्या पद्धतीनुसार ही मर्यादा बदलते, आपापल्या डॉक्टरांना विचारावे.) कारण समजायला कृत्रिम सांधा कसा असतो ते पाहू. इंग्लंडमधील रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आजच्या पद्धतीचा पाया घातला: प्लॅस्टिकची वाटी आणि तीत फिरणारा सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा. गोळा लहान, म्हणजे घर्षणाची भुजा लहान, म्हणून झीज कमी. मात्र लहान गोळा वाटीतून लवकर निसटतो. हल्ली बहुधा २८ ते ३६ मिलिमीटरचे गोळे वापरतात. मांडी फार दुमडली की गोळ्याखालची मान वाटीच्या कडेवर टेकते. ती कडाच टेकू बनते आणि पहारीने दगड उचकटावा तसा गोळा वाटीबाहेर उचकटला जातो. पुन्हा तरफच!

म्हणून आसन गुडघ्यामागच्या घडीपेक्षा थोडे उंच हवे. आईची घडी ४१ सेंटिमीटरवर, घरची खुर्ची ४० ची. बाज तर मधोमध झोळ पडून त्याहून खाली. संडासात भांड्यावर ठेवायची चार पायांची खुर्ची आणली आणि घरच्या हातवाल्या खुर्चीखाली सुताराकडून ठोकळे करून घेतले. पाय घसरू नयेत म्हणून त्यांत खोबणी पाडली. गादी दबते, म्हणून उंची माणूस बसल्यावर मोजली.

पायऱ्यांचा नियम आईने स्वतः पाठ केला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. चढताना पुढचा पाय शरीर उचलतो, उतरताना मागचा पाय ते हळूहळू खाली सोडतो. दोन्ही वेळा काम चांगल्याच पायाकडे. तुळजापूरला देवीपर्यंत पायऱ्या आधी उतराव्या लागतात, मग चढाव्या लागतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती गेली, कठडा धरून, नियम मोठ्याने म्हणत. ठोकळे आता काढायला हरकत नाही. पण ते काढले की खुर्ची बुटकी झाली म्हणून घरातले सगळेच कुरकुरतात.