विश्लेषण : 'टेस्टिंग'वर जाताच लिनक्समधली पॅकेजेस गायब का होतात?

संगणकावर डेबियन लिनक्स सुरळीत चालू असते. सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्त्या हव्यात म्हणून वापरकर्ता 'टेस्टिंग' शाखेवर अपग्रेड करतो. संगणक पुन्हा सुरू होतो तेव्हा वायफाय बंद असते, रोजच्या वापरातला एखादा प्रोग्राम दिसत नाही आणि तो पुन्हा बसवू पाहिले तर 'पॅकेज सापडत नाही' असे उत्तर मिळते. अशा वेळी घाईघाईने दिलेला एखादा आदेश किरकोळ अडचणीचे मोठ्या बिघाडात रूपांतर करतो. म्हणून पॅकेज कुठे आणि का गेले, हे आधी समजून घ्यायला हवे.

'टेस्टिंग' म्हणजे नेमके काय?

डेबियनच्या तीन मुख्य शाखा आहेत. नवे पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये येते. या शाखेचे कायमचे नाव 'सिड', म्हणजे 'टॉय स्टोरी' चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. तिथे साधारण २ ते १० दिवस काढल्यावर, नवा गंभीर दोष आढळला नाही आणि ते ज्या इतर पॅकेजेसवर अवलंबून आहे तीही उपलब्ध असतील, तर ते पॅकेज 'टेस्टिंग'मध्ये सरकते. दर दोनेक वर्षांनी 'टेस्टिंग' गोठवून तिचीच 'स्टेबल' आवृत्ती केली जाते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी जाहीर झालेली 'ट्रिक्सी', म्हणजे डेबियन १३, अशीच तयार झाली. त्या दिवसापासून 'टेस्टिंग'चे नाव 'फॉर्की' झाले. उबुंटूचा पाया डेबियनच आहे आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. त्यामुळे डेबियन थेट न वापरणाऱ्यांनाही हे गणित माहीत असलेले बरे.

पॅकेज गायब म्हणजे नेमके कुठून?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पॅकेज भांडारातून गेले, ही एक. पॅकेज आपल्या संगणकावरून काढले गेले, ही दुसरी. 'टेस्टिंग'मधल्या एखाद्या पॅकेजमध्ये गंभीर दोष सापडला आणि ठरलेल्या मुदतीत तो दुरुस्त झाला नाही, तर ते पॅकेज, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेसही, शाखेतून आपोआप वगळली जातात. मात्र तुमच्या संगणकावर ते आधीपासून असेल तर ते तसेच राहते. त्याला नवे अपडेट मिळत नाहीत, इतकेच. दोष दुरुस्त झाला की बऱ्याचदा ते भांडारात परतते.

काही पॅकेजेस मात्र कायमची जातात. देखभाल करणारे कोणी उरत नाही किंवा मूळ तंत्रच कालबाह्य होते. 'ट्रिक्सी'त १४,१०० हून अधिक नवी पॅकेजेस आली, एकूण संख्या ६९,८३० झाली. पण त्याच वेळी ८,८४० हून अधिक पॅकेजेस कालबाह्य म्हणून काढून टाकली गेली. पायथन २ वर चालणारी जुनी स्क्रिप्ट अपग्रेडनंतर अडते ती याच कारणाने.

नाव बदलल्यानेही पॅकेज हरवते का?

हो, आणि २०२४ मध्ये याचा मोठा अनुभव आला. ३२ बिटांत वेळ मोजणाऱ्या प्रणालींचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी कोलमडणार आहे. ते टाळण्यासाठी डेबियनने वेळेची नोंद ६४ बिटांत नेली. त्यासाठी शेकडो लायब्ररी पॅकेजेस नव्याने बांधावी लागली आणि त्यांच्या नावापुढे 'टी-६४' हे शेपूट जोडले गेले. जुन्या नावाची लायब्ररी मागणारे प्रोग्राम आणि नव्या नावाची मागणारे प्रोग्राम काही काळ एकत्र नांदेनात. 'अनस्टेबल'वर तर अपग्रेडचा आदेश दिला की 'ही पॅकेजेस काढली जातील' अशी लांबलचक यादी समोर येई. ज्यांनी 'होय' म्हटले त्यांचे प्रोग्राम गेले. ज्यांनी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न केला त्यांचे काम पुढे विनासायास झाले. अशा मोठ्या स्थित्यंतरात थांबणे हाच बहुतेकदा उपाय असतो.

वायफाय बंद पडण्यामागे काय असते?

इथे चूक बहुधा भांडारांच्या यादीत असते. वायफाय, ग्राफिक्स यांसाठी लागणारे, ज्याचा सोर्स कोड खुला नाही असे फर्मवेअर आधी 'नॉन-फ्री' विभागात होते. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग झाला. जुन्या संगणकावरच्या 'सोर्सेस लिस्ट' या फाइलमध्ये हे नाव नसेल, तर नवे फर्मवेअर मिळणारच कसे? फाइलमध्ये तो शब्द जोडून 'ॲप्ट अपडेट' केले की पॅकेज दिसू लागते. वायफायच बंद असल्याने यासाठी केबलने किंवा मोबाइलच्या यूएसबी जोडणीने इंटरनेट घ्यावे लागते.

जुन्या ३२ बिटी संगणकांची गोष्ट वेगळी. 'ट्रिक्सी'पासून त्यांच्यासाठी डेबियनचा अधिकृत कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. तिथे पॅकेज शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा अपग्रेड न केलेलेच बरे.

शोध कसा घ्यावा?

पहिली पायरी नोंदवहीची. 'व्हार' फोल्डरातल्या 'लॉग'मध्ये 'ॲप्ट' नावाचा विभाग असतो. तिथल्या 'हिस्टरी' फाइलमध्ये कोणत्या दिवशी, कोणत्या आदेशाने काय बसवले आणि काय काढले याची नोंद मिळते. पॅकेज संगणकावरून गेले की नाही, याचा निकाल तिथेच लागतो.

दुसरी पायरी 'ॲप्ट पॉलिसी' या आदेशापुढे पॅकेजचे नाव देण्याची. कोणती आवृत्ती बसवलेली आहे आणि कोणत्या भांडारात कोणती उपलब्ध आहे, हे त्यातून कळते. उपलब्ध काहीच नसेल तर भांडारांची यादी तपासावी. तिथे काही ओळींत जुन्या आवृत्तीचे नाव आणि काहींत नव्या, असा घोळ असू शकतो. बाहेरच्या कंपन्यांची भांडारेही 'टेस्टिंग'साठी पॅकेजेस देतातच असे नाही.

यादी बरोबर असूनही पॅकेज नसेल, तर तिसरी पायरी डेबियनच्या 'पॅकेज ट्रॅकर'ची. पॅकेज 'टेस्टिंग'मधून कधी व का वगळले, 'अनस्टेबल'मधून पुढे का सरकत नाही, हे तिथे प्रत्येक पॅकेजच्या पानावर दिलेले असते. परतण्याची चिन्हे असतील तर थांबावे. नाव बदलले असेल तर नव्या नावाने बसवावे. कायमचे गेले असेल तर पर्याय शोधावा.

काय टाळावे?

'ॲप्ट अपग्रेड' हा आदेश बसवलेले पॅकेज काढत नाही. 'फुल-अपग्रेड' मात्र गरजेनुसार काढू शकतो. म्हणून आधी पहिला आदेश द्यावा, मग दुसरा, आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये. २०२१ मध्ये यूट्यूबवरचे प्रसिद्ध सादरकर्ते लायनस सेबॅस्टियन यांनी 'पॉप ओएस'वर गेमिंगचे 'स्टीम' बसवताना इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले आणि डेस्कटॉपच गमावला. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी अत्यावश्यक पॅकेजेस काढण्याची वाट आणखी अवघड केली. नव्या ॲप्टमध्ये काढली जाणारी नावे लाल रंगात दिसतात, ती त्यासाठीच.

हरवलेल्या एका पॅकेजसाठी उबुंटूचे किंवा जुन्या आवृत्तीचे भांडार जोडणे हाही धोकाच. लायब्ररींची सरमिसळ झाली की पुढचे प्रत्येक अपग्रेड अडते. 'टेस्टिंग'वरून 'स्टेबल'वर उलटे येण्याची अधिकृत सोय नाही. परतायचे तर बॅकअप घेऊन नव्याने बसवावे लागते.

मग 'टेस्टिंग' कोणी वापरावे?

सुरक्षेचा मुद्दा इथे निर्णायक ठरतो. 'टेस्टिंग'ला सुरक्षा दुरुस्त्या बहुधा 'अनस्टेबल'मार्गे, म्हणजे उशिरा मिळतात. २९ मार्च २०२४ रोजी अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या साधनात लपवलेला चोरदरवाजा उघड केला. तोवर ते पॅकेज डेबियनच्या 'टेस्टिंग'पर्यंत पोहोचले होते. 'स्टेबल'ला मात्र त्याची झळ लागली नाही. पॅकेजेस अडणे, वगळली जाणे आणि परत येणे हा या शाखेचा स्वभावच आहे आणि पुढची 'स्टेबल' त्यातूनच घडते. दुसरा संगणक हाताशी असेल आणि दोष कळवण्याची तयारी असेल, तर 'टेस्टिंग' जरूर वापरावे. ज्या एकाच संगणकावर दुकानाचे हिशेब किंवा मुलांचा अभ्यास चालतो, तिथे मात्र 'स्टेबल'च हवी. एखादेच नवे सॉफ्टवेअर हवे असेल तर 'स्टेबल'साठी डेबियनचे 'बॅकपोर्ट्स' हे भांडार आहे.