पांढरीच्या पोटात काय असते?

गावोगाव एक गोष्ट ऐकू येते. अमक्याच्या परसात मोहरांचा हंडा पुरलेला आहे. तमक्याच्या पडक्या वाड्यात नाग दिसतो, तो धनावर बसलेला आहे. सांगणाऱ्याने हंडा पाहिलेला नसतो. ऐकणाऱ्यानेही पाहिलेला नसतो. तरी गोष्ट चालत राहते.

हंड्याची गोष्ट सोडून द्या. पण जमिनीत जुन्या वस्तू सापडतात, हे मात्र खरे आहे. त्या नांगराच्या फाळाला लागतात. विहीर खणताना निघतात. पावसाने दरड कोसळली की उघड्या पडतात. हल्ली जमिनीतील धातू शोधण्याचे यंत्रही मिळते. ते घेऊन कोणी गावात येतो आणि विचारतो, "इथं जुनी जागा कुठं आहे हो?" म्हणून जुनी जागा कशी ओळखावी, तेथे काय करावे आणि काय करू नये, हे आपण गावकऱ्यांनी आधी समजून घेतलेले बरे.

काळी आणि पांढर

आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढर म्हणतात. ही नावे उगीच पडलेली नाहीत. माणसे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली म्हणजे तेथे चुलीची राख साचते. शेण पडते. मातीच्या भिंती ढासळतात आणि त्यांवर नव्या भिंती उठतात. थरावर थर चढतो. जमीन उंच होते आणि माती पांढरट, राखाडी दिसू लागते. गाव उठून गेले, तरी टेकाड मागे राहते. भोवती काळे रान आणि मध्ये पांढरट उंचवटा दिसला, तर तेथे पूर्वी वस्ती असावी असे समजावे.

दुसरी खूण खापरांची. लाकूड कुजते, कापड कुजते, लोखंड गंजते. पण भाजलेले खापर हजारो वर्षे टिकते. टेकाडावर पावसानंतर चक्कर मारा. खापरे, विटांचे तुकडे, शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखादा मणी असे काही धुऊन वर आलेले दिसेल. ओढ्याने कापलेल्या दरडीत राखेचा पट्टा दिसला, तर तीही वस्तीची खूण.

तिसरी खूण पाण्याची. पूर्वीचा माणूस पाण्याजवळ, पण पुराच्या वर घर बांधी. म्हणून नदीचा उंच काठ आणि दोन नद्यांचा संगम या जागा नीट पाहाव्यात. नदी उतरण्याची जुनी वाट, घाटाचा पायथा आणि बाजाराची जागा, येथेही वस्तू सापडतात. जेथे माणसे थांबली, जेथे पैसा हातातून हातात गेला, तेथे तो मातीतही पडला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पांढरीची माती लोक खत म्हणून शेतात नेऊन टाकतात. तिच्याबरोबर खापरेही जातात. तेव्हा शेतात दोन खापरे मिळाली एवढ्यावरून तेथे गाव होते, असे म्हणू नये.

वस्तूपेक्षा जागा मोलाची

आता खरी महत्त्वाची गोष्ट सांगतो. जुनी वस्तू मोलाची असते. पण ती कोठे, किती खोल आणि कशाशेजारी पडली होती, ही माहिती त्याहून मोलाची असते. वस्तू उपटून काढली की ही माहिती कायमची जाते.

नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठी जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी होती १३ हजारांहून अधिक. ती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची होती. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. नाशिकच्या लेण्यात एक लेख कोरलेला आहे. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, उच्छेद केला असे त्यात म्हटले आहे. त्या लेखाची साक्ष या नाण्यांनी दिली. साठा एकत्र राहिला, म्हणून हे कळले. तीच नाणी दहा घरांत वाटली गेली असती आणि वितळवून त्यांच्या तोरड्या झाल्या असत्या, तर काय कळले असते?

दुसरे उदाहरण दायमाबादचे. हे ठिकाण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी आहे. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या. बैलांचा रथ व तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक! देशोदेशीचे विद्वान त्या पाहून थक्क झाले. पण त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या, हे कोणी नोंदलेले नव्हते. पुढे तेथे रीतसर उत्खनन झाले. तरीही त्या मूर्ती किती जुन्या, याबद्दल विद्वानांत मतभेद राहिले. यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला आता ठाऊक झाले आहे.

तिसरे उदाहरण नेवाशाचे. १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन झाले. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. ती ज्या धाग्यात ओवली होती, त्या धाग्याचा अंश तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा धागा! कोणी ती माळ घरी नेऊन चिंच लावून घासली असती, तर मणी लखलखले असते आणि धागा मोरीतून वाहून गेला असता.

यंत्राला काय कळते?

धातुशोधक यंत्राच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळते. खाली धातू आला की यंत्र आवाज करते. हौशी माणसाच्या हातातले साधे यंत्र नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत खोलीपर्यंत ओळखते. खाली सोने आहे की डब्याचे झाकण, हे ते खात्रीने सांगू शकत नाही. बहुतेक वेळा खिळा, तार नाही तर नालच निघते.

खापर, जळके धान्य, घराची सारवलेली जमीन यांतले तर त्याला काहीच कळत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन चालले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शंभरावर घरे उजेडात आली. त्या लोकांची चूल कशी होती, ते कोणते धान्य खात, लेकरू गेले तर त्याला मडक्यात ठेवून घरातच कसे पुरत, हे सारे समजले. खिळ्यासाठी मारलेल्या एका खड्ड्याने अशी जमीन फुटते. मग ती सांधता येत नाही.

कोणी म्हणेल, "इंग्लंडात लोक हौसेनं यंत्र फिरवतात, मग आपल्याकडंच का नको?" तिकडेही मोकाट चालत नाही. शेतमालकाची परवानगी लागते. जपून ठेवलेल्या जुन्या जागी यंत्र चालवता येत नाही. १९९६ च्या कायद्याप्रमाणे सापडलेले धन सरकारदरबारी कळवावे लागते. २००९ साली स्टॅफर्डशर परगण्यात नांगरलेल्या शेतात सोन्याच्या हजारो वस्तू मिळाल्या. त्या संग्रहालयांनी घेतल्या. त्यांची किंमत शोधणारा आणि शेतमालक यांना निम्मी निम्मी मिळाली.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे यासाठी १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास आपला हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवल्यास नुकसान नाही. चौकशी होऊन धन बेवारस ठरले आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. सरकारने संरक्षित केलेल्या किल्ल्यावर, लेण्यात किंवा टेकाडावर परवानगीवाचून खणणे हा निराळा गुन्हा आहे.

आणखी एक सांगायचे आहे. "पूजा घाला, बळी द्या, धन वर येईल," असे सांगणारे भोंदू फिरतात. काही ठिकाणी माणसांचे जीवही गेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्याला सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद आहे. मंत्राने हंडा वर येत नाही. असा माणूस गावात आला तर पोलिसांना कळवा.

वस्तू सापडली तर

हात आवरा. पुढे खणू नका. वस्तू धुऊ नका, घासू नका, वाकवू नका. जागेवर खूण करा. वस्तू आधीच बाहेर आली असेल तर कोरड्या कापडात ठेवा. मग अर्ज करा. आता तुम्हांला लिहिता येते. दुसऱ्याच्या दारी जाण्याची गरज नाही. अर्ज असा लिहावा:

"मा. जिल्हाधिकारी साहेब यांस,
मी मौजे ...... येथील राहणार. ...... तारखेस माझ्या गट नंबर ...... मध्ये विहीर खणताना सुमारे ...... हात खोल मातीचे मडके लागले. त्यात नाणी आहेत. मोजली ती ...... भरली. अंदाजे किंमत ...... रुपये. शेजारी खापरे व राख आहे. खणणे थांबवले आहे. पाहणी व्हावी.
सही ......"

हा अर्ज तहसील कचेरीतून पाठवता येतो. पोच घ्यायला विसरू नका. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे पाठवा.

गोरोबाकाकांचे तेर तुम्हांला माहीत आहे. त्या गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेथे मिळणाऱ्या जुन्या वस्तू जपून ठेवल्या. आज त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय तेरमध्येच आहे. शाळेची मुले तेथे जातात आणि आपल्याच गावची खापरे, मणी आणि मूर्ती पाहतात. त्या वस्तू मोडीत गेल्या असत्या, तर चार दिवस कोणाचे तरी घर चालले असते. आता त्या साऱ्या गावाच्या झाल्या आहेत.