वाल, पावटा आणि घेवडा

आमच्या डोंबिवलीच्या घरी थोरल्या वहिनी सून होऊन आल्या, त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. त्यांचे माहेर कऱ्हाडचे. पहिल्याच श्रावणात एके दिवशी आईने त्यांस सांगितले, "परवा पाहुणे यावयाचे आहेत, रात्री डाळिंब्या भिजत घालून ठेव हं." वहिनींनी दोनतीन फडताळे धुंडाळली आणि अखेर मोठ्या संकोचाने विचारले, "डाळिंबे तर घरात दिसत नाहीत. बाजारातून आणवू का?" माजघरात एकच हशा पिकला. कोणी तरी वालांचा डबा पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे होय! आमच्याकडे यांना पावटे म्हणतात."

खरी चूक झाली ती येथे, आणि ती कोणाच्याच ध्यानात आली नाही. वहिनींनी वाल भिजविले, फडक्यात बांधून मोड आणले आणि माहेरी पावटे करीत त्याप्रमाणे सालींसकट फोडणीस टाकले. उसळ कडू झाली. पाहुण्यांनी ती सभ्यपणे पानाच्या कडेस सारली. "माहेरी एवढेही शिकविले नाही काय?" हा आईचा प्रश्न वहिनींनी खाली मान घालून ऐकून घेतला. त्या वेळी मलाही तो प्रश्न रास्तच वाटला होता, हे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः वाल आणि पावटा हे एकाच जातीच्या वेलाचे दोन वाण. संस्कृतात त्यास 'निष्पाव' म्हणत, तसेच 'वल्ल' असेही म्हणत. आपला 'वाल' त्या दुसऱ्या नावाचा वंशज. सोनारांच्या तराजूत गुंजेप्रमाणे 'वाल' हेही एक वजन होते, इतके हे धान्य लोकांच्या हातातले. परंतु कोकणपट्टीचा कडवा वाल बारीक, तपकिरी आणि नावाप्रमाणे कडू सालीचा. ठाणे व रायगड या जिल्ह्यांत भाताची कापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवरच तो पेरतात. त्यास निराळे पाणी लागत नाही. देशावरचा पावटा टपोरा, फिकट रंगाचा आणि सौम्य. तो सोलण्याचे कारणच पडत नाही. कडव्या वालास मात्र मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो. सोललेला तो दाणा डाळिंबाच्या दाण्यासारखा टपोरा दिसतो, म्हणून ब्राह्मणांच्या घरी त्यास 'डाळिंबी' म्हणतात. त्यालाच कायस्थ प्रभूंच्या घरी 'बिरडे' हे नाव. एकाच चाळीत दोन बिऱ्हाडांच्या मधून जाणारी वाटी उंबरठा ओलांडताच नाव बदलते, ही गंमत आम्ही लहानपणी नित्य पाहिली.

कोवळ्या शेंगेची कथा आणखी निराळी. ठाण्याच्या बाजारात ती 'वालपापडी'. त्यातील 'पापडी' गुजराती शेजाऱ्यांची. देशावर तिलाच बहुधा 'घेवडा' म्हणतात. विदर्भात या वालास 'पोपट' असे नाव आहे. रायगडातली 'पोपटी' मात्र शेंग नव्हे, पदार्थ आहे: भांबुर्ड्याच्या पाल्यासह शेंगा मडक्यात भरून ते उपडे घालून भाजतात. तेव्हा नागपूरकराने अलिबागेस जाऊन पोपटी मागितली, तर काय पुढ्यात येईल ते पाहण्यासारखे होईल!

सर्वांत घोटाळ्याचा शब्द 'घेवडा'. 'श्रावण घेवडा' म्हणून पुण्याकडे जो विकला जातो, तो मुंबई-ठाण्याचा 'फरसबी'. हे नाव 'फ्रेंच' या शब्दावरून आले असावे. ही वनस्पती मूळची अमेरिकेची, म्हणजे वालाची जातभाईदेखील नव्हे. पण आपण तिला घेवड्याच्या पंक्तीस बसविले. तिचेच वाळलेले दाणे म्हणजे राजमा, आणि साताऱ्याकडील कोरेगावचा पट्टेदार 'वाघ्या घेवडा' तो हाच. येथे नावाचा घोळ केवळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राजम्याच्या कच्च्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास चांगले खळखळ उकळल्याखेरीज ते नाहीसे होत नाही. मंद आचेवर अर्धेकच्चे शिजविल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात. म्हणून 'घेवड्याचे दाणे' असे म्हणून कोणी पुडी दिली, तर कोणत्या घेवड्याचे, हे विचारून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही.

कोकणातला कुळीथ घाट चढला की हुलगा होतो. चवळी विदर्भात बरबटी आणि गोव्यात अळसांदे होते. पण या नावांनी उसळ बिघडत नाही. वस्तू एकच राहते.

ठाण्यास आगगाडी १८५३ साली आली आणि पुढल्याच वर्षी कल्याणला पोहोचली. तेव्हापासून या पट्ट्यात कोकणातली, देशावरची, वऱ्हाडची व कर्नाटकातली माणसे वस्तीला येत गेली, आणि प्रत्येक सुनेबरोबर एकेक शब्द स्वयंपाकघरात शिरला. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांस हे आपल्यापेक्षा लवकर उमगले. गिऱ्हाईक 'पावटा' म्हणाले तर "हा आपला वाल हाय, पावटा नाय, सोलावा लागंल," असे एक भाजीवाली आमच्या वहिनींना पहिल्याच वर्षी बजावून गेली. घरात कोणास हे सांगावेसे वाटले नव्हते. डोंबिवलीभोवतीची शेते मात्र इमारतींखाली गेली. आता कडवे वाल हवे असले तर मुरबाड-शहापूरकडचा माल कधी येतो म्हणून वाट पाहावी लागते.

वहिनींच्या फडताळात पुढे दोन डबे शेजारी शेजारी असत, आणि दोहोंवर त्यांच्या हाताची चिठ्ठी: एकावर 'वाल, सोलणे', दुसऱ्यावर 'पावटे'. आईच्या उतारवयात तिच्या बोटांनी सोलणे होईनासे झाले. मग श्रावणात ती स्वतःच म्हणे, "आज तुझ्या माहेरचे कर गं. तेच बरे लागतात आताशा."