मुक्कामावरची ताजी कॉफी

शिक्षक मित्रहो, माणहून मुलांना घेऊन तुम्ही तिकोन्याच्या पायथ्याशी मुक्कामाला गेलात, तर पहाटेच्या गारठ्यात कॉफी हवीशी वाटणारच. ती काही परक्या मुलखाची राहिलेली नाही. आपल्या चिखलदऱ्यालाही पिकते.

भाजलेल्या बिया अख्ख्याच न्या. पूड केली की वास लवकर उडतो. कुटायला खलबत्ता पुरे, फक्त तो मिरची-लसणाचा नको! पूड जाड्या रव्यासारखी ठेवा. बारीक पूड फडक्यातून खाली उतरते.

तीन दगडांची चूल वाळल्या गवतापासून दूर मांडा. १ लिटर पाणी खळखळून उकळू द्या. ओढ्याचे असेल तर हे हवेच. पातेले उतरवा, मिनिटभर थांबा, ६० ग्रॅम पूड घाला, ढवळा आणि ४ मिनिटे झाकून ठेवा. चहासारखी उकळत ठेवलीत, तर कडू होईल. मग रात्री उकळून निववलेल्या पाण्याचा हबका मारा, म्हणजे चोथा तळाशी बसतो. वरची कॉफी फडक्यातून गाळा.

निघताना विस्तवावर पाणी ओता आणि राखेवर हात धरून पाहा. ती गार लागली, तरच मुक्काम हलवा. एका ठिणगीने सारा डोंगर पेटतो.