न थरथरणाऱ्या चित्राची किंमत

रात्रीची वरात, पुढे बेंजो, डोक्यावर दिव्यांच्या माळा. या गर्दीत एका हाताने फोन धरून चित्रण करणारा भाचा स्वतःही नाचतोय. काही वर्षांपूर्वी असा व्हिडिओ बघणं ही पाहुण्यांना शिक्षा असायची. आज तो बऱ्यापैकी स्थिर आणि उजळ दिसतो. याचं श्रेय अर्थातच भाच्याचं नाही. कॅमेरा सुधारला हे खरं, पण त्यापेक्षा मोठं काम चित्र टिपल्यानंतरच्या गणिताने केलं आहे.

कॅमेऱ्याची थरथर आधी यंत्राने थांबवली गेली. अमेरिकेतल्या गॅरेट ब्राउनने १९७०च्या दशकात ‘स्टेडिकॅम’ तयार केला. चालणाऱ्याच्या अंगाला बसणारे धक्के स्प्रिंगच्या हातात जिरतात आणि कॅमेरा तरंगत राहतो. १९७६च्या ‘रॉकी’मध्ये नायक फिलाडेल्फियाच्या पायऱ्या धावत चढतो, तो प्रसंग या यंत्राने टिपलेला आहे. पण असं अवजड साधन लग्नघरात कोण आणणार?

२०११ मध्ये मथियास ग्रुंडमान, विवेक क्वात्रा आणि इरफान एस्सा या संशोधकांनी गूगलसाठी वेगळी वाट काढली. त्यांची पद्धत आधी चित्रातले ठळक बिंदू हेरते, म्हणजे खिडकीचा कोपरा, पाटीची कड. हे बिंदू व्हिडिओच्या पुढच्या चौकटीत (फ्रेममध्ये) कुठे सरकले ते बघून कॅमेरा कसा हलला असेल याचा हिशेब मांडते. नाचणारी माणसं स्वतःच हलत असतात, त्यामुळे त्यांची साक्ष बाद होते आणि बहुसंख्य बिंदूंचं मत ग्राह्य धरलं जातं. इथवरचं काम इतरांनीही केलं होतं. या तिघांची खरी करामत पुढची आहे. हिसके नुसते कमी करण्याऐवजी त्यांनी एका काल्पनिक कॅमेऱ्यासाठी नवा मार्ग आखला. त्यात तीनच प्रकारच्या हालचालींना परवानगी: स्तब्ध उभं राहणं, एकसारख्या वेगाने सरकणं आणि हळुवार वेग घेणं किंवा सोडणं. मुरलेला छायालेखक तिपाई आणि ट्रॉली घेऊन नेमकं हेच करतो.

मात्र हा नवा कॅमेरा बसवायचा तर मूळ चित्राच्या आत थोडी जागा लागते, म्हणून कडा कापल्या जातात. फोनमध्ये तर हल्ली जायरोस्कोप हाताची हालचाल तत्क्षणी मोजून देतो, तरी कापाकापी टळत नाही. व्हिडिओ सुरू करताच दृश्य किंचित जवळ आल्यासारखं वाटतं, ते बहुधा यामुळेच. कडेला उभी असलेली आत्या गेली म्हणून समजा.

अंधाराचं दुखणं याहून चिवट आहे. चित्र उजळ करायचं म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा आकडा वाढवायचा. यात अवघड काही नाही, पण त्याबरोबर चित्रातली खरखरही वाढते. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि कणांच्या येण्यात चढउतार असतो. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडले तर चढउतार साधारण १० कणांचा, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडले तर १०० कणांचा, म्हणजे अवघा एक टक्का. कमी उजेडात चित्रावर मुंग्या आल्यासारखं दिसतं, त्यामागे मुख्यतः हे गणित आहे. उपाय सरासरीचा. एकाच दृश्याच्या १६ चौकटी एकावर एक बसवल्या तर खरखर चौथाईवर येते. फोनमधले रात्रीचे फोटो याच तत्त्वावर सुधारले. पण व्हिडिओत माणसं हलतात, चौकटी जुळत नाहीत, मग सॉफ्टवेअर गुळगुळीतपणाचा आधार घेतं आणि नवरीचा चेहरा मेणाचा होतो.

शिवाय ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात. उजेड कमी म्हणून कॅमेरा प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवतो आणि तेवढ्यात हात हलला की चौकटीच्या आतच चित्र पुसट होतं. नंतर मार्ग कितीही सरळ केला तरी हा पुसटपणा जागचा हलत नाही. उलट चित्र स्थिर झाल्यावर तो जास्तच डोळ्यांत भरतो.

यूट्यूबने २०१२ मध्ये ही दुरुस्ती सगळ्यांच्या हाती दिली. व्हिडिओ डळमळीत किंवा अंधारा वाटला तर संकेतस्थळ ‘सुधारू का?’ असं विचारायचं आणि आधीचं-नंतरचं चित्र शेजारी शेजारी दाखवायचं. मला त्यातलं गणित आवडतं, पण ते विचारणं जास्त आवडतं. कारण २०२५ मध्ये त्याच यूट्यूबने काही ‘शॉर्ट्स’वर पुसटपणा आणि खरखर कमी करण्याचा प्रयोग निर्मात्यांना न सांगता केला. रिक बिआटो आणि ऱ्हेट शल या संगीतावर व्हिडिओ करणाऱ्यांनी, आपलाच चेहरा परका दिसतोय, अशी हरकत घेतली, तेव्हा कंपनीने प्रयोग मान्य केला. प्रत्येक दुरुस्ती काहीतरी कापते, काहीतरी पुसते. ते काय असावं हे चित्र काढणाऱ्याने ठरवायचं.

घरच्या वरातीत यामुळे फारसं बिघडत नाही. अपघाताचं किंवा भांडणाचं चित्रण असेल तर बिघडतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची खूण, नोंदवावं लागतं. चित्र जरा उजळ करून पुन्हा साठवलं तरी हे मूल्य बदलतं.

तेव्हा सुधारणा खुशाल करा, पण प्रतीवर. मूळ फाइल तशीच जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी भाच्याला एवढंच सांगा, फोन दोन्ही हातांनी धर आणि दिव्याकडे पाठ करून उभा राहा.