टोळी निघण्याआधी जंतू सापडेल का?

(लेखांक ५)

मागच्या आठवड्यात छातीच्या एक्स-रेविषयी वाचलंत. फोटोतला डाग क्षयाचाच की आणखी कशाचा, हे शेवटी बेडका सांगतो. त्याच्या तपासण्यांची तुलना बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडात उभं राहून केलेली बरी, कारण इथे अचूकतेइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कोप्या घालतात आणि गाळप संपलं की बिऱ्हाड उचलतात.

सर्वांत जुनी रीत काचपट्टीची. झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या पट्टीवर निळ्यात लाल काड्या दिसतात. खर्च कमी, उत्तर लवकर. पण एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा नजरेस पडत नाहीत. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ शब्दावर निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, १०-१०० जिवंत जंतूही पुरतात. मात्र हा जंतू आळशी. दुप्पट व्हायलाच जवळजवळ दिवस घेतो. अंड्यापासून बनवलेल्या घट्ट माध्यमावर सहा-आठ आठवडे जातात. द्रव माध्यमात बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत वाढ दिसते, पण ‘नाही’ म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. शिवाय त्यासाठी कडक सुरक्षेची प्रयोगशाळा हवी. अहवाल येईपर्यंत रुग्ण दुसऱ्याच जिल्ह्यात पोचलेला असू शकतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: अशा माणसाची पहिली तपासणी जंतूच्या डीएनएची व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्य केलेली सीबीनॅट सुमारे दोन तासांत जंतू शोधते आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला तो दाद देतो का, तेही सांगते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं. वातानुकूलित खोलीवाचून तालुक्याच्या गावी चालेल असं यंत्र. त्याला संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली.

मग काचपट्टी मोडीत काढायची? नाही. डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो. उपचार लागू पडतोय का, हे त्यावरून ठरवता येत नाही. तिथे काचपट्टी आणि कल्चरच लागतात. रक्तातली प्रतिपिंडं मोजून क्षय ठरवणाऱ्या चाचण्यांवर मात्र भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. त्यावर पैसे घालवू नयेत.

यंत्र कितीही चांगलं असो, डबीत नुसती लाळ आली तर तेही हतबल. पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, आणि दोनपैकी एक नमुना पहाटेचा. तोडणीवाले तर उजाडण्याआधीच कोयता घेऊन निघतात. डबी आदल्या संध्याकाळी कोपीवर द्यावी आणि सकाळी ती गोळा करायला कुणीतरी फडावर जावं. दवाखान्याची वेळ गाठायची तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते.

पुढच्या आठवड्यात: औषधांना न जुमानणारा क्षय.